ईसीजीची पट्टी कुणाकुणाच्या हातांतून जाते

आधी प्रश्न सांगते. सिंधुदुर्गातली एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी विचारते, की लघुप्रबंधासाठी तिला 'ग्रामीण रुग्णालयातील आधुनिक तंत्रज्ञानाचा रुग्णांवर होणारा परिणाम' हा विषय मिळाला आहे. मार्गदर्शकांनी शंभर प्रश्नावल्या भरून आणायला सांगितलंय. रुग्णालयात गेली तर एक डॉक्टर म्हणाले, "मशीनमधलं तुला काय कळणार, हा इंजिनीअरचा विषय." तेव्हा वैद्यकातल्या तंत्रज्ञानाचा अभ्यास समाजशास्त्रवाले करतात तरी कसा, आणि कला शाखेच्या मुलीला तो जमेल का?

जमेल. वीसेक वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून हेच काम करते आहे, आणि ईसीजीचं मशीन आतून कसं चालतं हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही. पण ती पट्टी कोण काढतं, कोण वाचतं, कुणाला दाखवतं, कुणापासून लपवतं आणि तिच्यावरून घरात भांडण कुठे लागतं, हे सांगता येतं. या गोष्टी इंजिनीअर बघत नाही. डॉक्टरांनाही दिसतातच असं नाही, कारण त्यांच्या टेबलाशी येते ती फक्त पट्टी.

माझ्या मते तुमची खरी अडचण त्या डॉक्टरांच्या बोलण्यात नाही, 'परिणाम' या शब्दात आहे. तो शब्द घेतला की मशीन एका बाजूला उभं राहतं आणि माणसं दुसऱ्या बाजूला. मशीन ढकलतं, माणसं ढकलली जातात. मग प्रश्नावलीत विचारायला उरतं काय? 'तुम्ही समाधानी आहात का? होय / नाही / सांगता येत नाही.' आपल्याकडे शंभरातले नव्वद जण 'होय' म्हणणार, कारण सिस्टर बाजूला उभी असते आणि उद्या परत तिच्याकडेच यायचं असतं.

संघटनांचे अभ्यासक स्टीफन बार्ली यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन रुग्णालयांत साधारण एकाच सुमारास सीटी स्कॅनची सारखीच यंत्रं आली. बार्ली दोन्हीकडे जाऊन बसले, कोण कुणाला काय विचारतं, कोण कुणाला हुकूम देतं, ते टिपत राहिले. एका ठिकाणी रोजचे निर्णय बरेचसे तंत्रज्ञांच्या हाती गेले, दुसरीकडे ते डॉक्टरांकडे जास्त राहिले. मशीन तेच, पण विभागाची घडी वेगळी बसली. म्हणजे सीटी स्कॅनचा 'परिणाम' अमुक, असं एक उत्तर निघतच नाही. मशीन आलं की तिथली जुनी नाती हलतात, आणि पुन्हा कशी बसतात ते तिथल्या माणसांवर, त्यांच्या अनुभवावर आणि मानमरातबावर ठरतं. आपण अभ्यास करायचा तो या हलण्या-बसण्याचा.

आता आपल्या किनाऱ्यावरची एक हकिगत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

दक्षिण रत्नागिरीतलं समुद्रकाठचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सकाळी साठीची एक बाई आली. पहाटेपासून छातीत जळजळत होतं. पित्त असेल म्हणून तिने आमसुलाचं पाणी घेतलं, मग ओवा चावला, मग शेजारणीच्या आग्रहाने रिक्षात बसली. डॉक्टर मीटिंगला तालुक्याला गेलेले. सिस्टरने पट्टी काढली. तिला ती पूर्ण वाचता येत नव्हती, पण रोज पट्ट्या बघून ही वेगळी दिसते एवढं तिला कळलं. तिने मोबाईलवर फोटो काढला. केंद्रात रेंज नाही. रेंज येते ती मागच्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, आणि हे ठाऊक असतं ड्रायव्हरला. तो फोन घेऊन पायऱ्या चढला, शहरातल्या एका ओळखीच्या फिजिशियनला फोटो पाठवला. वीस मिनिटांनी उत्तर आलं: हलवा. 108ला फोन झाला. तोवर शेजारणीने मुंबईला मुलाला कळवलं होतं. मुलगा म्हणाला, पट्टीचा फोटो मलाही पाठवा, माझ्या साहेबांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. दीर म्हणाला, अणुस्कुऱ्याने सरळ कोल्हापूर गाठा. बाई म्हणत होती, "माजा म्हशीचा दूध काढूचा रवला हा, सांच्याक घरी सोडा."

रजिस्टरमध्ये या सगळ्याची नोंद काय? ईसीजी एक, रेफर एक.

तुमचं तंत्रज्ञान हे इथे आहे, या दोन ओळींच्या मधल्या जागेत. सिस्टरची नजर, ड्रायव्हरला ठाऊक असलेली पायरी, फिजिशियनचा फुकट दिलेला वेळ, शेजारणीचा फोन, हे सगळं मिळून त्या सकाळी 'ईसीजी' झाला. समाजशास्त्रज्ञ अँसेल्म स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली रुग्णालयातल्या कामाचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले: मशीनचं काम, सुरक्षिततेचं काम, रुग्णाला आराम वाटावा यासाठीचं काम, धीर देण्याचं काम, आणि या सगळ्यांना एकत्र बांधण्याचं काम. या शेवटच्याला मी मराठीत जुळवाजुळव म्हणते. जुळवाजुळव कुणाच्या कामाच्या यादीत नसते. तिचा पगार नसतो, आणि ती एक दिवस झाली नाही तर रुग्ण तिथेच राहतो. आपल्याकडे ती बहुतेक वेळा सिस्टर, आशाताई, ड्रायव्हर आणि शेजारणी करतात. मला या विषयाची ओढ आहे ती मुळात यासाठी. ही माणसं अहवालात कुठेच नसतात.

त्या मुंबईच्या मुलाकडेही नीट बघा. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला, गावात बायका आणि म्हातारी माणसं, ही कोकणाची जुनी घडी. पूर्वी मनीऑर्डर यायची नि निर्णय पत्रातून व्हायचा. आता रिपोर्टचा फोटो क्षणात नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला पोचतो आणि निर्णयही तिकडून येतो. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत फोनमुळे बाईच्या हाती सत्ता आली नाही. उलट आधी वेळ नाही म्हणून शेजारणी मिळून जे ठरवत, तेही आता मुलाला विचारून ठरतं. काही घरांत बरोबर उलटं झालंय. तिथली सून रिपोर्ट स्वतः वाचायला शिकली आणि सासऱ्यांची औषधं तीच ठरवते. तुमच्या गावात काय होतं हे मी इथून सांगू शकत नाही. ते गावावर, घराच्या मिळकतीवर, सून किती शिकली आहे त्यावर अवलंबून आहे, आणि तेच तर तुम्हाला शोधायचंय.

दुसरं उदाहरण डायलिसिसचं, कारण त्यात कोकणाची जमीन आणि पाणी दोन्ही शिरतं. 2016 सालच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ही सोय मोफत होऊ लागली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर खेपेला चार तास मशीनवर, म्हणजे माणसाच्या आयुष्याचं अख्खं कॅलेंडर बदलतं. आंब्याच्या हंगामात बागेवर कोण थांबणार? पहिली एसटी चुकली तर रिक्षाला किती? बरोबर येणाऱ्या बायकोचा रोज बुडतो, त्याचं काय? आणि पाणी. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरतो, म्हणजे चार तासांना 120 लिटरच्या आसपास अत्यंत शुद्ध पाणी एका रुग्णाला लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. ज्या मुलखात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच मुलखात जांभा दगड पाणी धरत नाही म्हणून एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि टँकर येतात. तेव्हा डायलिसिसचा अभ्यास करायचा तर टँकर कधी येतो हेही वहीत लिहायला लागतं. मशीन कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, ही रेघ तुम्ही आधीच आखून जाऊ नका.

समाजशास्त्रज्ञ सुसान ली स्टार यांचं एक निरीक्षण इथे फार उपयोगी पडतं: पायाभूत सोयी चालू असताना दिसत नाहीत, मोडल्या की दिसतात. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. नंतर तिथे गेले तेव्हा एका घरात इन्शुलिनची गोष्ट ऐकली. फ्रिज बंद, बाहेर जून महिन्याचा दमट उकाडा. आजींनी इन्शुलिनच्या बाटल्या डब्यात घालून, तो डबा मातीच्या ओल्या मडक्यात ठेवून दिला, आणि मडक्यावर फडकं भिजवत राहिल्या. तोवर त्या घरात 'इन्शुलिन' म्हणजे फक्त सुई आणि बाटली होती. वादळानंतर कळलं, की विजेची तार, फ्रिज आणि आजींचं फडकं हेही त्यातच होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, लाइट गेलेल्या दिवशी रुग्णालयात जरूर जा. मात्र कुणाच्या वाटेत येऊ नका. पडेल ते काम करा, आणि वही संध्याकाळी उघडा.

'शुगर' या विषयावर थोडं अधिक. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅनमारी मोल यांनी नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात पायाच्या रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या आजाराचा अभ्यास केला. बाह्यरुग्ण विभागात तो आजार म्हणजे चालताना पायात येणारी कळ, तर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तो म्हणजे जाड झालेली भित्तिका. दोन्हींना नाव एकच, पण ते नेहमी जुळतातच असं नाही, आणि ते जुळवायलाही कुणाला तरी मेहनत करावी लागते. आता आपल्याकडे बघा. आशाताईच्या ग्लुकोमीटरवर बोटाच्या टोकाची शुगर असते, लॅबच्या कागदावर 'तीन महिन्यांची शुगर' असते, आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या लेखी शुगर म्हणजे पायाला येणाऱ्या मुंग्या. मशीन म्हणतं 140, बाई म्हणते मुंग्या तशाच आहेत. कुणाचं खरं धरायचं, हे त्या खोलीत कसं ठरतं? एवढ्या एका प्रश्नावर तुमचा सगळा लघुप्रबंध उभा राहू शकतो.

याची मुळंही जुनी आहेत. 1816 साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून ती एका तरुणीच्या छातीला लावली, आणि पुढे त्यातून स्टेथोस्कोप आला. त्याआधी डॉक्टरांची मोठी भिस्त रुग्ण जे सांगेल त्यावर असे. त्या नळीनंतर डॉक्टरांना असं काही ऐकू येऊ लागलं जे रुग्णाला स्वतःला ऐकू येत नव्हतं. तिथून रुग्णाच्या सांगण्याचं वजन हळूहळू कमी होत गेलं. मालवणकडची एक म्हातारी मला म्हणाली होती, "डाक्टरान माका हात लावल्यान नाय, नुसतो कागद बघल्यान." दोनशे वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात आहे, आणि तिचं दुःख खरं आहे. त्या डॉक्टरसमोर बाहेर शंभराची रांग होती, हेही खरंच. दोघांचं म्हणणं तुमच्या वहीत यायला हवं.

तंत्रज्ञान म्हणजे दरवेळी मोठं मशीनच असतं असंही नाही. केसपेपर हेही तंत्रज्ञान आहे, कारण त्यावर जे रकाने छापलेत तेच विचारलं जातं. गोळीसुद्धा. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून नोंदी केल्या, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी लाल विंचवाच्या विषावर कशी उपयोगी पडते ते दाखवलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. समाजशास्त्रज्ञाने इथे विचारायचं ते असं: ती गोळी केंद्राच्या कपाटात असते का, रात्री कपाटाची किल्ली कुणाकडे असते, आणि चावल्यानंतर मांत्रिकाकडे किती वेळ जातो?

मांत्रिकावरून कौल आठवला. हा मुद्दा सांगायला मी थोडी कचरते, कारण त्याचा चुकीचा अर्थ काढला जातो. आपल्याकडे ऑपरेशन करावं की नाही म्हणून ग्रामदैवताला कौल लावणारी घरं आहेत. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, झाला की मगच सही होते. 'अंधश्रद्धा' असा शेरा मारून तुम्ही वही मिटलीत तर अभ्यास तिथेच थांबेल. विज्ञानाच्या समाजशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड ब्लूर यांनी 1976 साली मांडलेलं तत्त्व असं की, जे ज्ञान आपण बरोबर मानतो आणि जे चूक मानतो, दोन्ही लोकांनी का स्वीकारलं याची कारणं सारख्याच कुतूहलाने शोधावीत. याचा अर्थ कौल आणि एमआरआय सारखेच, असा मुळीच नाही. गाठ कॅन्सरची आहे की नाही हे बायोप्सीच सांगते, आणि उशीर झाला तर माणूस जातो. पण रिपोर्ट हातात असताना कौल कशासाठी लावला, हे विचारलं तर मला अनेकदा एकच उत्तर मिळालं: काय झालंय ते रिपोर्टने सांगितलं, आता जबाबदारी कुणी घ्यायची ते ठरत नव्हतं. हे उत्तर प्रश्नावलीत कधीच आलं नसतं.

सोनोग्राफी मात्र पहिल्या अभ्यासासाठी घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. विषय फार मोलाचा आहे. 1980च्या दशकात मुंबईतल्या स्त्रीसंघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी लढा दिला, त्यातून 1988 साली गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं, आणि 1994 साली केंद्राचा कायदा आला. आज त्या मशीनसोबत नोंदणी, गरोदर बाईच्या तपासणीची नोंद करणारा फॉर्म एफ आणि 'इथे गर्भलिंगनिदान होत नाही' ही भिंतीवरची पाटी हे सगळं येतं. पण तुम्ही नवख्या आहात. त्या खोलीबाहेर वही घेऊन बसलात की डॉक्टरांना तपासणीची शंका येईल, गरोदर बाईला दडपण येईल, आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

मशीनच्या आतसुद्धा समाज असतो, हेही ध्यानात असू द्या. करोनात घरोघरी बोटाला लावला तो ऑक्सिमीटर प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजतो. 2020च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक उतरलेला असतानाही मशीन ठीक दाखवतं, हे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. उन्हात रापलेल्या आपल्या खलाशाच्या बोटावरचा आकडा बघताना हा प्रश्न मनात असायलाच हवा.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावं. हाताशी किती महिने आहेत, रुग्णालयात कुणी नातलग नोकरीला आहे का, आणि परवानगी लेखी मिळते की तोंडी, यावर बरंच अवलंबून आहे. चार महिने असतील असं धरून सांगते. एकच वस्तू घ्या: ईसीजी, ग्लुकोमीटर किंवा डायलिसिस. एकच रुग्णालय घ्या. पहिले दोन आठवडे नुसतं बसा, वेगवेगळ्या वेळी, बाजाराच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. त्याच दिवशी रात्री टिपणं लिहा, कारण दुसऱ्या दिवशी माणसांची वाक्यं आपल्या भाषेत बदलून जातात. मालवणीत ऐकलेलं मालवणीतच उतरवा. 'मशीनीर घातल्यानी' आणि 'तपासणी केली' यांत फरक आहे, आणि तो फरक म्हणजे तुमची सामग्री आहे. त्यानंतर दहा-बारा माणसांशी सावकाश बोला. त्यांत सफाई कामगार, लॅबवाला मुलगा आणि ड्रायव्हर असलेच पाहिजेत. डॉक्टरांशी शेवटी बोला, म्हणजे त्यांना विचारण्यासारखे प्रश्न तुमच्याकडे असतील.

मार्गदर्शकांशी भांडू नका. शंभर प्रश्नावल्यांतूनही काही गोष्टी चांगल्या कळतात: किती लांबून आले, किती खर्च झाला, बरोबर कोण होतं. त्यांना सांगा की चाळीस प्रश्नावल्या याच माहितीसाठी भरते, आणि उरलेला वेळ निरीक्षणाला देते. लेखी आराखडा नेलात तर बहुतेक मार्गदर्शक ऐकतात.

परवानगी आणि गोपनीयता यांत मात्र तडजोड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 सालची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य संशोधनालाही लागू आहेत. महाविद्यालयाकडून नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या. आपल्या वाड्यांत नाव बदलून भागत नाही. 'डायलिसिसवरचा, दोन होड्या असलेला' एवढं लिहिलं की अख्खा गाव ओळखतो. होड्या काढा, वय बदला, वाडी बदला. मीच एकदा यात चुकले होते. एका बाईच्या आजाराचा उल्लेख तिच्या सासरच्यांनी ओळखला, आणि तिला त्याचा त्रास झाला. तेव्हापासून छापायला देण्याआधी त्या-त्या माणसाला तो मजकूर मी स्वतः वाचून दाखवते.

आणि त्या डॉक्टरांकडे परत जा. मशीन समजून घ्यायला आले आहे, असं म्हणू नका. म्हणा, "पट्टी तुमच्या टेबलावर येईपर्यंत काय काय होतं ते मला बघायचंय. सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी बसू का?"